गिरिजाक्कांची सर्वपित्री

रस्ता ओलांडायच्या आधी गिरिजाक्का तो एकदा तोंडाने ओलांडायच्या. म्हैसूरच्या बोगादी भागातल्या मुख्य रस्त्यावर, दुधाच्या बूथपाशी, हातात कापडी पिशवी घेऊन उभ्या राहायच्या आणि शेजारच्याला सहज ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "आता ही बस जाईल. मग ती स्कूटर. मग मी निघाले. मध्ये थांबले. डावीकडे बघितलं. पोचले." एवढं म्हणून झालं की मग खरोखर निघायच्या. तेवढ्यात भलतंच वाहन उपटलं तर पुन्हा पहिल्यापासून. मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हातारीचं डोकं जरा सरकलंय असं मला वाटलं होतं. पुढे इतकी वर्षं शेजार घडला, आणि आता कुणी मला शहाणी माणसं मोजायला सांगितली तर मी त्यांच्यापासून सुरुवात करीन.

मुलींच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी रिकाम्या प्रयोगशाळेत जाऊन एकटीनं सगळा प्रयोग करून बघायचा, ही तिथली सवय. शाळा सुटली, सवय सुटली नाही. मुलीच्या लग्नाआधी त्या कार्यालयात जाऊन नवरदेव होऊन चालून आल्या होत्या, आणि मधला खांब आडवा येतो म्हणून बोहल्याची जागा बदलायला लावली होती. हे मला गोपाळरावांनी सांगितलं. गोपाळराव त्यांच्या समोरच्या घरात राहायचे. विमा कंपनीतून निवृत्त, विधुर, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. पण अक्कांचा विषय निघाला की त्यांना दोन वाक्यं जास्त सुचायची.

दोघांचीही घराणी म्हैसूरची जुनी मराठी घराणी. किती जुनी, हे मी एकदा अक्कांना विचारलं. मी साताऱ्याचा, नोकरीसाठी इथे आलेला. मला वाटलं आता एखादा सरदार, एखादी लढाई, निदान एखादा हत्ती तरी निघेल. त्या म्हणाल्या, "गोत्तिल्ल. म्हंजे ठाऊक नाही. कागद नाही आमच्याजवळ. उगीच सुम्मने कशाला सांगायचं?" असं म्हणून त्या उठून गॅस बंद करायला गेल्या. आमच्याकडे सातबारा नसलेला माणूससुद्धा थेट पेशवाईपर्यंत नातं नेऊन भिडवतो.

"आम्ही घरात प्युअर मराठीच बोलतो अल्लवा," असं मात्र त्या अभिमानानं सांगायच्या, आणि एवढ्या वाक्यात त्यांना कन्नडची मदत लागली हे त्यांच्या गावीही नसायचं.

आमची खरी ओळख बांबूवरून झाली. आमचं घर गोपाळरावांच्या घराला पाठ लावून बांधलं जात होतं. खांब उभे राहिले होते, स्लॅबसाठी फळ्या ठोकून झाल्या होत्या, आणि गौरीच्या आदल्या दिवशी काँक्रीटची लॉरी यायची होती. दोन दिवस आधी ही बाई छत्री टेकत साइटवर आली आणि मला म्हणाली, "लॉरी कशी वळणार?"

"वळेल की," मी म्हणालो.

"आधी वळवून दाखव."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मेस्त्रीला लॉरीची रुंदी विचारली, तेवढा बांबू निवडला, एक टोक मेस्त्रीच्या हातात, एक माझ्या हातात, आणि आम्हां दोघांना गल्लीत लॉरी म्हणून चालवायला सुरुवात केली. कारखान्याच्या खरेदी विभागातला मी, लेदरचे बूट घालून, भर उन्हात बांबू धरून मागे मागे सरकतोय आणि मागून हुकूम येतोय, "रिव्हर्स, रिव्हर्स, निधाना, सावकाश." लोक गॅलऱ्यांत आले. गोपाळरावांच्या गच्चीवरून त्यांचा मुलगा शशी पोट धरून हसत होता. मेस्त्री कंटाळला तेव्हा तोच खाली आला, मेस्त्रीच्या हातातलं टोक त्यानं घेतलं आणि तोंडानं लॉरीचा आवाज काढत चालायला लागला. होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडापाशी बांबू अडकला. पुढे जाईना, मागे येईना. अक्का छत्री मिटून शांतपणे म्हणाल्या, "आयतु. झालं. आता बघा, लॉरी इथं अडकली असती आणि आतला माल वाळला असता."

आम्ही मग मागच्या रस्त्यावरून पाइप लावून काँक्रीट चढवलं. स्लॅबवर पाणी मारायला शशीनं स्वतःच्या गच्चीवरून नळी सोडून दिली. मोकळा मुलगा होता. कुठल्या तरी सॉफ्टवेअर कंपनीत होता तेव्हा, पण बोलायचा मात्र कायम वरुणा गावाकडच्या कुणाच्या तरी शेतातल्या काकड्यांबद्दल.

राहायला आल्यावर अक्कांचं दुसरं रूप कळलं. निवृत्तीनंतर त्यांच्या मुलीनं, ती पुण्याला असते, तिचा जुना लॅपटॉप त्यांना दिला होता. त्यावर एकदा नातीचा एक फोटो शोधण्यात त्यांची अख्खी दुपार गेली. चिडल्या. दुसऱ्या कुणी मुलीला फोन करून कटकट केली असती. अक्का स्क्रिप्ट लिहायला शिकल्या. म्हणजे संगणकाला एकाखाली एक सूचना लिहून द्यायच्या: प्रत्येक फोटोच्या पोटात तो काढल्याची तारीख लिहिलेली असते ती वाच, त्या वर्षाचं फोल्डर कर, त्यात महिन्याचं कर, आणि फोटो तिथे नेऊन ठेव. माझी बायको याच धंद्यातली. ती म्हणाली, हे दहा-बारा ओळींचं काम आहे. मग तिनं अक्कांची स्क्रिप्ट उघडली आणि खाली सरकवतच राहिली. पानंच्या पानं होती. घरी येताना म्हणाली, "ही स्क्रिप्ट फायली हलवण्यापेक्षा न हलवण्याचीच कारणं जास्त शोधते."

कारण तिथेही तालीम होतीच. स्क्रिप्टला पहिल्या खेपेला काहीच करायची परवानगी नसायची. तिनं नुसतं बोलून दाखवायचं: ही फाइल मी इथून घेईन आणि तिथे ठेवीन. ती यादी पडद्यावर यायची आणि ज्याचे फोटो त्यानं ती शेजारी बसून मोठ्यानं वाचायची. अक्का डोळे मिटून ऐकायच्या. आणि मूळ डिस्कला हात नाही. आधी नक्कल, मग नकलेवर काम.

माझ्या डिस्कची लाज वाटावी अशी अवस्था होती. 'नवीन फोल्डर', त्यात 'नवीन फोल्डर दोन', त्यात 'हे नक्की बघ' आणि त्यात काहीच नाही. मी वाचत होतो, घसा सुकत होता. मध्येच अक्कांनी डोळे उघडले. "थांब. तुझ्या मुलाचा वाढदिवस कुठल्या वर्षात चाललाय?"

मी बघितलं. चिरंजीव त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी केक कापत होते.

"कॅमेऱ्याचा सेल गेला असणार," त्या म्हणाल्या. "सेल गेला की घड्याळ पहिल्या दिवसावर जाऊन बसतं. मशीन खोटं बोलत नाही रे. तिला जे सांगितलं तेच ती सांगते. आपण विचारायला पाहिजे, हे तुला कुणी सांगितलं?"

हे वाक्य मी नंतर ऑफिसात, घरात, मुलाच्या शाळेत, जिथे तिथे वापरलंय. त्याचा उगम मी कुणाला सांगितला नाही एवढंच.

हळूहळू सगळी गल्ली त्यांच्याकडे यायला लागली. कुणाची मुंज, कुणाचं डोहाळजेवण, कुणाच्या दसऱ्याला मांडलेल्या बाहुल्यांच्या पायऱ्या. पेन ड्राइव्ह कापडी पिशवीतून यायचे, भाजीबरोबर. काम झालं की नक्कल अक्कांजवळ राहायची, लोकच म्हणायचे राहू द्या. त्यामुळे गल्लीत कुठलं झाड कधी पडलं, कुठल्या घराचा रंग कधी बदलला, हे अक्कांना कुणाच्या तरी बारशाच्या फोटोमागे बघून सांगता यायचं. एकदा पालिकेच्या माणसाशी एका गटारावरून वाद झाला, तेव्हा त्यांनी तीन घरांचे फोटो ओळीनं लावून गटार आधी होतं की रस्ता, हे दाखवून दिलं होतं. तो माणूस जाताना त्यांच्या पाया पडला. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. मलाही अधूनमधून तसं करावंसं वाटायचं.

आता शशीचं सांगायला हवं.

आमचा स्लॅब पडला त्या वर्षीच्या दसऱ्याला शशीनं नोकरी सोडली. वरुणाजवळ जमीन खंडानं घेऊन भाजी लावायची ठरवली. गोपाळरावांनी त्याला एकदाच विचारलं, खरंच का, आणि तो हो म्हणाल्यावर बोलणं बंद केलं. घरात माणसं दोनच. एकानं बोलणं बंद केलं की घर बंदच पडतं. शशी स्वयंपाक करून ठेवायचा, ते जेवायचे. तो निघताना "अप्पा, येतो" म्हणायचा, ते पेपर उलटायचे. संक्रांतीनंतर एका सकाळी वरुणाच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरला त्याची बाइक धडकली. घरी फोन आला तो त्याच्या मित्राचा. पुढचं मी लिहीत नाही.

काही आठवड्यांनी त्याच मित्रानं शशीचे त्याच्याकडे असलेले फोटो गोपाळरावांच्या फोनवर पाठवले. गोपाळराव ते घेऊन अक्कांकडे आले. मी त्या दिवशी तिथे होतो, त्यांच्या टीव्हीची वायर बसवत होतो. स्क्रिप्टनं बोलून दाखवायला सुरुवात केली आणि गोपाळराव शाळेतल्या मुलासारखे एकेक ओळ वाचायला लागले. दोन-तीन ओळींनंतर ते अडखळले. फोटो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर पाठवले की पोटातली तारीख गळून जाते, आणि पाठवल्याचा दिवस तेवढा उरतो. स्क्रिप्ट म्हणत होती की हे सगळे फोटो मी एप्रिलमध्ये ठेवीन. शशी फेब्रुवारीत गेला होता. एप्रिलमध्ये तो काकडी खात होता, एप्रिलमध्ये हसत होता, एप्रिलमध्ये वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून गच्चीवर उभा होता.

अक्कांनी लॅपटॉप मिटला. "गोपण्णा," त्या म्हणाल्या, "हे असं नाही ठेवणार मी. उद्या या."

दुसऱ्या दिवशी स्क्रिप्टमध्ये एक नवीन नियम आला होता आणि डिस्कवर एक नवीन फोल्डर. ज्याची तारीख पटत नाही त्याला अंदाजानं कुठेही बसवायचं नाही. त्या फोल्डरात ठेवायचं. फोल्डरचं नाव 'सर्वपित्री'. ज्यांच्या जाण्याची तिथी ठाऊक नसते त्यांचं श्राद्ध आपण सर्वपित्री अमावास्येला करतो, कुणी उपाशी राहू नये म्हणून. अक्का म्हणाल्या, "तिथी ठाऊक नाही म्हणून कुणी घराबाहेर उभं राहायचं का? आत घ्यायचं. मग विचारत राहायचं."

आणि त्या खरंच विचारत राहिल्या. इकडे त्या अमावास्येला महालय म्हणतात, सुट्टी असते. दर वर्षी त्या दिवशी दुपारी, घरोघरची पानं आटोपून लोक वड्या-खिरीनं जड झालेले असताना, अक्का सगळ्यांना बोलवायच्या. खायला काही नाही, फक्त मज्जिगे, म्हणजे आपलं ताक, आलं-कढीपत्ता घातलेलं. वायर जोडायचं काम माझं. टीव्हीवर सर्वपित्रीतला एकेक फोटो यायचा आणि वाद सुरू व्हायचा. हे लग्न कुणाचं? नवरी ओळखू येते पण नवरा कोण? ही साडी तर हिला जाऊबाईंनी दिली, म्हणजे जाऊबाई अजून बोलत होत्या तेव्हाचं. मागे भिंतीवर कॅलेंडर आहे, मोठं कर, अजून मोठं कर. एखाद्या फोटोची तारीख पटली की अक्का त्या माणसाला उभं करून बोलून दाखवायला लावायच्या, "सर्वपित्रीतून निघाला, अमुक साली, अमुक महिन्यात गेला," आणि मग कळ दाबायच्या. मी नास्तिक नाही, फार आस्तिकही नाही, पण तिथे बसलं की कुणाला तरी पाणी मिळालं असं वाटायचं.

पहिल्याच वर्षी तो गच्चीवरचा फोटो आला. शशीनं स्वेटर घातलेला, एक हात वडिलांच्या खांद्यावर, दुसऱ्या हातानं फोटो काढलेला. गोपाळराव किंचित दचकून बघतायत. मागे आमच्या अर्धवट घराचे खांब.

गोपाळराव उभे राहिले. त्यांना सभेत उभं राहिलेलं कुणी कधी बघितलं नव्हतं. "हा डिसेंबरातला आहे," ते म्हणाले. "मला आठवतंय. तो वर आला, म्हणाला, अप्पा, इकडे बघा. मी बघितलं. मी बोलत नव्हतो त्याच्याशी, पण बघितलं. हात पण काढायला लावला नाही मी."

मग एकदम सगळे बोलायला लागले. हो हो, स्वेटर आहे, डिसेंबरच. थंडी आहे बघा, कान लाल झालेत. एका माणसाला शेवटच्या महिन्यांतला एक हात खांद्यावर हवा होता, आणि सगळी गल्ली तो द्यायला तयार होती. मीही तयार होतो. सगळे अक्कांकडे बघत होते.

"स्वेटर पावसाळ्यात पण घालतात," अक्का म्हणाल्या. "राहू दे अजून सर्वपित्रीत."

लोक उठून गेल्यावर शेजारचे एक गृहस्थ मागे राहिले. चांगला माणूस. त्यांनी हळूच सांगितलं, "बाई, तारीख बदलणं तुम्हाला एका ओळीचं काम. कुणाचं काय जातंय?"

"सगळ्यांचं जातंय," त्या म्हणाल्या. "एक मी खोटी घातली की बाकीच्या खऱ्या आहेत हे कशावरून? तुमच्या आईचा जो शेवटचा फोटो आहे, तो कशावरून?"

ते गृहस्थ चपला शोधायला लागले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी अक्का माझ्याकडे आल्या. आमच्या बांधकामाचे फोटो बघायचे होते त्यांना. खरं म्हणजे त्यांच्याकडे नक्कल होती. पण ज्याचे फोटो त्याला विचारल्याशिवाय उघडायचे नाहीत हा त्यांचा नियम. "तुझ्या कॅमेऱ्याचा सेल तेव्हा जिवंत होता?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, स्लॅब गौरीच्या आदल्या दिवशी पडला हे तर पक्कं, त्यावर ताडून बघा. त्यांनी ताडलं. बरोबर होतं. मग त्यांनी शशीचा फोटो शेजारी लावला, आणि मला न सांगता सगळं दिसलं. त्याच्या मागे खांब होते, पण वर स्लॅब नव्हता. स्लॅबसाठी ठोकलेल्या फळ्यासुद्धा नव्हत्या. माझ्या फोटोंत खांब तसे नुसते उभे होते तो महिना जुलै. भांडण दसऱ्याला झालं. स्वेटर जुलैच्या पावसातला होता. पोराला सर्दी झाली असेल.

मी अक्कांकडे बघितलं. त्या डोळे पुसत होत्या. "मला पण डिसेंबरच पाहिजे होता रे," त्या म्हणाल्या.

तेव्हा कळलं, या बाईला खरं सांगण्याची हौस नव्हती. तिला त्याची किंमत ठाऊक होती आणि तरी ती ते करत होती. मी कारखान्यात मोठमोठे कडक साहेब पाहिलेत, पण असा दरारा मला कुणाचा वाटला नाही.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, फोटो हलवलाही नाही. पुढच्या महालयाला तो फोटो टीव्हीवर आला तेव्हा त्या फक्त "पुढचा" म्हणाल्या. दोन दिवसांनी गोपाळराव त्यांच्याकडे आले. मी वायर गुंडाळून न्यायला गेलो होतो. मी निघायला लागलो तर अक्का म्हणाल्या, "थांब तू. ताक पिऊन जा."

"तुम्हाला तारीख कळलीय," गोपाळराव म्हणाले. "इतरांना विचारलंत, मला नाही विचारलंत. मला सांगा."

"कळलीय. सांगते. पण आधी बोलून दाखवा, गोपण्णा."

"काय बोलून दाखवू?"

"मी म्हटलं, फोटो भांडणानंतरचा, तर तुम्ही काय करणार?"

"फ्रेम करून घेणार. टीव्हीच्या वर लावणार." त्यांनी थोडा विचार केला. "झोप लागेल मला."

"आणि मी म्हटलं, आधीचा, तर?"

ताकावर कढीपत्त्याचं पान तरंगत होतं, ते गोपाळराव बोटानं बाजूला करत राहिले. "तर मग जे राहिलं ते राहिलंच," ते म्हणाले.

"मग काय करणार?"

"गोत्तिल्ल."

"तर मग निधाना," अक्का म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. "उत्तर नसलं तर रन करायचं नाही. माझ्याकडे ती तारीख सुरक्षित आहे. तुम्हाला पाहिजे तेव्हा मागा."

ते उठले, ताकाचा पेला स्वतः स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, आणि गेले. नंतर किती महालय आले आणि गेले. फोटो आला की अक्का "पुढचा" म्हणायच्या. गोपाळराव येऊन बसायचे, बाकीच्या फोटोंच्या वादात भाग घ्यायचे, त्या एका फोटोच्या वेळी मात्र खाली बघायचे.

मग अक्कांच्या गुडघ्यांनी दगा दिला. मुलगी पुण्याला बोलवत होती. अक्कांना पुण्याची भीती वाटायची, भाषेमुळे. "तिथं माझी मराठी ऐकून लोक पास-नापास करतील," म्हणायच्या. मी म्हणालो, करू द्या, पुण्याला सगळेच नापास होतात. शेवटी जायचं ठरलं. सर्वपित्री फोल्डरची आणि स्क्रिप्टची नक्कल, आणि महालयाची दुपार माझ्या बायकोकडे सोपवली, तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी अर्थातच तालीम झाली. अक्कांनी घराला कुलूप घातलं, किल्ली आमच्याकडे दिली, सामान घेऊन रिक्षात बसल्या, आम्ही हात हलवले, बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, रिक्षा कोपऱ्यावरून वळली. आणि वळसा घालून परत आली. "चष्म्याचं घर राहिलं. कुकरची शिट्टी राहिली. आणि तू," माझ्या बायकोला, "आज रडलीस ते बरं झालं, उद्या वेळ वाचेल." गोपाळराव त्यांच्या फाटकात येऊन उभे होते. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, मग नुसतंच "जाऊन या" म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. सगळं तालमीप्रमाणे चाललं होतं. कुलूप, किल्ली, सामान. अक्कांनी प्रवासाची निळी साडी नेसली होती. त्या एक पाय गाडीत ठेवतायत तोवर गोपाळराव रस्ता ओलांडून आले.

"गिरिजाबाई," ते म्हणाले, "आता सांगा."

अक्कांनी पाय खाली घेतला. "भांडणाच्या आधीचा, गोपण्णा. जुलैचा."

"गोत्तु," ते म्हणाले. ठाऊक आहे. "मला त्याच दिवशी कळलं होतं. नंतरचा असता तर तुम्ही गच्चीवरून ओरडून सांगितला असतात."

अक्कांनी टॅक्सीचं दार लोटून दिलं.

"तुम्ही विचारलं होतं, मग काय करणार. मला तेव्हा येत नव्हतं." त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण तो तसाच हातात ठेवला. "आता येतंय. त्याची तारीख घालायची. भांडणाच्या आधीपण आम्ही होतोच की, बाई. बत्तीस वर्षं होतो. चार महिन्यांच्या नादात ती मी विसरून बसलो होतो. तो दिवस चांगला होता, त्याला त्याच्या जागी जाऊ दे."

टॅक्सीवाला घड्याळ बघत होता. अक्कांनी त्याला कन्नडमध्ये काहीतरी सुनावलं, पिशवीतून लॅपटॉप काढला आणि गाडीच्या बॉनेटवर उघडला. ऊन पडद्यावर येत होतं म्हणून मी छत्री धरली, तीच ती, लॉरीच्या दिवसाची. स्क्रिप्टनं आधी बोलून दाखवलं. गोपाळरावांनी चष्मा वर-खाली केला आणि मोठ्यानं वाचलं, "सर्वपित्रीतून एक फोटो निघेल. जुलै महिन्यात जाईल. नाव, शशी आणि अप्पा."

"बरोबर?" अक्कांनी विचारलं.

"बरोबर."

"मग मी दाबू की तुम्ही?"

त्यांनीच दाबलं. काही आवाज झाला नाही, काही दिसलं नाही. अक्कांनी दोन्ही हातांनी गोपाळरावांचा हात धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि मग लॅपटॉप मिटून गाडीत बसल्या. काच खाली करून मला म्हणाल्या, "छत्री दे." मी दिली.

पुढल्या वर्षीच्या पावसाळ्यात पुण्याहून त्या गेल्याचा फोन आला. आमच्याकडे त्यांची तिथी नीट लिहिलेली आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलंय ते त्या सकाळचं. गाडी कोपऱ्यावरून वळली, दिसेनाशी झाली, आणि मी आणि गोपाळराव तिथेच उभे राहिलो. आदल्या दिवशी रिक्षा वळसा घालून परत आली होती.